बंड पुकारण्यापूर्वी कॅन उचला

हुकूमशाही उलथून टाकण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर सभा, पत्रके, वर्गणी असल्या वेळखाऊ भानगडीत न पडता सरळ संगणकासमोर बसावे. २००४ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ या खेळात हुकूमशाहीखालच्या सिटी १७ या शहराच्या रेल्वे स्थानकावर एक मुखवटाधारी पोलीस पेयाचा रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाकण्याचा हुकूम आपल्याला सोडतो. आपला स्वाभिमान येथेच जागा होणे अपेक्षित आहे. कॅन खुशाल त्याच्याच अंगावर भिरकवावा. तो दंडुका घेऊन मागे लागेल, दोन रट्टे बसतील, परंतु २००७ च्या आवृत्तीत या बाणेदारपणाबद्दल आपल्या नावावर एक बिल्लाही जमा होईल. निमूटपणे कॅन पेटीत टाकणाऱ्यालाही शरणागतीचा बिल्ला मिळतो आणि दोघांचा पुढचा रस्ता एकाच दारातून जातो. इतक्या समदर्शी व्यवस्थेविरुद्ध उठाव करणे हा खरे तर कृतघ्नपणाच.

नेतृत्वाची काळजी नसावी, कारण नेते आपणच आहात. ‘हाफ-लाइफ २’चा नायक गॉर्डन फ्रीमन संपूर्ण खेळात एक अक्षरही उच्चारत नाही. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट आणि हातात एक पहार एवढ्या भांडवलावर जनता त्याच्यामागे चालू लागते. हे अनुयायी अरुंद दारात नेमके आपलीच वाट अडवून उभे राहतात आणि वर अदबीने माफी मागतात. (चळवळीचे इतके वास्तव चित्रण अन्यत्र क्वचितच आढळेल.)

डावपेच स्वतः आखण्याचा मोह मात्र टाळावा. ‘बायोशॉक’ या खेळात समुद्रतळाच्या रॅप्चर नगरीत रेडिओवरून ॲटलस नावाचा बंडखोर मोठ्या आर्जवाने कामे सांगत जातो आणि त्या आर्जवाचे शब्दच आपल्याला हुकूम पाळायला भाग पाडत होते, हे उमगेपर्यंत आपण सगळी कामे चोख उरकलेली असतात. बंडखोराला याहून अधिक आज्ञाधारक कार्यकर्ता कोठे मिळणार?

‘पेपर्स, प्लीज’ या २०१३ च्या खेळापासून मात्र दूर राहावे. तेथे आपण आर्स्टोत्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस. पहार नाही, शिक्का आहे. तपासलेल्या माणसामागे ५ क्रेडिट मजुरी, त्यातून भाडे, अन्न आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च. एखाद्या निर्वासित बाईला दया येऊन आत सोडावे, तर खटखट करीत चूक दाखवणारी चिठ्ठी छापून येते आणि अशी तिसरी चिठ्ठी आली की मजुरी कापली जाते. गुप्त संघटनेने पाठविलेली घसघशीत रक्कम ठेवून घ्यावी, तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येते आणि सरकार सगळी शिल्लक जप्त करते. एवढे धाडस करायचेच असेल, तर निदान त्या संध्याकाळी सासूबाईंच्या औषधाचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावेत.