"गावाला काय पाहिजे ते सगळ्यांना माहितीये" म्हणे!

एक मेसेज फिरतोय सध्या, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. "गावाला काय पाहिजे ते शेंबड्या पोरालाही माहितीये, मग कशाला शिवारफेरी, कशाला सर्व्हे, कशाला महिला सभा? निधी तर बंधितच, म्हणजे ठरलेल्या कामालाच बांधून येतो. ज्याला गरज असेल तो ग्रामसभेत येऊन बोलेल, लोकसंख्या बघून पैसे वाटा आणि कामाला लागा." लिहिणाऱ्याचा वैताग कळतो मला, कारण 'आमचं गाव आमचा विकास'चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या कामांचा आराखडा कित्येक ठिकाणी ऑपरेटरच्या खुर्चीत बसून मागच्या वर्षीचाच कॉपी-पेस्ट होतो हे काय गुपित नाहीये. पण काम नीट होत नाही म्हणून कामच बंद करा, हे काय लॉजिक झालं?

"सगळ्यांना माहितीये." सगळे म्हणजे कोण? पारावर बसलेल्यांना विचारा, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्वागत कमान, यादी तोंडपाठ असते. तेच बायकांना वेगळं बसवून विचारलं की निघतं, संडास आहे पण त्यात ओतायला पाणी लांबून आणावं लागतं, अंगणवाडीचा पत्रा गळतो, शाळेत मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. कडीला असे किती पैसे लागतात हो? पण तिचं उद्घाटन होत नाही ना, म्हणून ती आराखड्यात येत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, ती रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊन 'होते' हा भाग वेगळा.

"ज्याला गरज तो येऊन बोलेल." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या टीमने दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर बघून पैसे दिले असते तर कागदावर तिथे हा प्रॉब्लेमच नव्हता. आता ह्या बायका ग्रामसभेत माइक धरून बोलतील असं वाटतं तुम्हाला? आणि ग्रामसभेचं म्हणाल तर कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, आणि सभा तहकूब झाली की पुढच्या वेळी तेवढंही लागत नाही.

"निधी बंधितच असतो." अर्धवट खरं. केंद्राकडून येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या पैशात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, पण ४० टक्के अबंधित, पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे वापरायला. आणि बांधलेल्या पैशातही कुठल्या वस्तीला पाइपलाइन, कुठे टाकी, हे दिल्लीवाले सांगत नाहीत. हिवरे बाजारला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसांचं, मग जनावरांचं, उरलेल्यात पिकं कुठली घ्यायची ते ठरतं, हा सर्व्हेच आहे की! पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले (स्वनिधीतले) ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, ते बऱ्याच ठिकाणी सरसकट सारखी रक्कम वाटून संपवतात, कारण कोणाला चाकाची खुर्ची हवी आणि कोणाला घरापुढे रॅम्प, हे विचारलेलंच नसतं.

"लोकसंख्या बघून वाटा." कुठली लोकसंख्या, २०११ ची? त्या आयोगानेही तीच धरलीये. बरं आकडा ताजा असला तरी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचं काय करणार, अर्धं वर्ष माणूस फडावर, सोबत पोरं, म्हातारे मागे गावात. त्यांना पेव्हर ब्लॉक नकोय, पोरांसाठी हंगामी वसतिगृह पाहिजे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे कोणीतरी बघायला पाहिजे. आणि आपली आराखड्याची मोहीम कधी, तर २ ऑक्टोबरपासून पुढे, म्हणजे दसरा-दिवाळीला टोळ्या निघाल्या की आपण विचारायला बसणार! मग गणपती-नवरात्राच्या मधे, माणसं घरी असताना तांड्यावर जाऊन एक बैठक घ्या ना, त्याला कुठला जीआर आडवा येतोय?