म्हणे, "खापरंच तर आहेत"

आज ग्रुपवर एका मित्राने धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयाचे चार फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "पंधरा मिनिटांत झालं. तिथे काय, खापरंच तर आहेत." पुढे तीन हसरे चेहरे. सकाळपासून डोकं फिरलंय.

अरे, त्या खापरांसाठीच तर जायचं असतं! तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्या भरून भरूचच्या बंदराला जाते, अशी नोंद पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात आहे. तगर म्हणजे हेच तेर. इटलीतल्या प्राचीन पाँपेई शहरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंताची बाई, म्हणजे छोटी मूर्ती, सापडली; तिची बहीण शोभेल अशी एक बाई तेरच्या मातीतून निघालीय. आणि हे महाशय पंधरा मिनिटांत बाहेर, कारण जेवायची वेळ झाली होती.

तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या समोरून नाही, बाजूने बघायच्या. पुढचा अर्धा भाग एका साच्यातला, मागचा दुसऱ्या. दोन्ही चिकटवलेले, आत पोकळ. कडेने सांध्याची रेघ उतरलेली असते, ती शोधा. रोमन नाण्यांवरून केलेल्या मातीच्या चकत्या असतात, त्यांना दोरा ओवायला भोक. म्हणजे गळ्यात घालायच्या! फोटो विचारून काढा, फ्लॅश बंद, आणि मोबाइल काचेला अगदी टेकवा. नाहीतर फोटोत आपलंच तोंड येतं.

मग त्रिविक्रम मंदिर. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. तेरच्या जुन्या विटेचा तुटका तुकडा बघा, सगळा भोकाभोकांचा. मातीत कालवलेला भुसा भट्टीत जळून जातो, वीट इतकी हलकी होते की पाण्यावर तरंगते.

बरं, लहान संग्रहालयांतल्या पाट्या कंजूष असतात, मान्य. 'मृण्मूर्ती, सातवाहन काळ', संपलं. पण म्हणून विचारायचंच नाही?

आणि जाताना नीट आखून जा. राज्य पुरातत्त्व खात्याची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. सोलापूरहून सातला निघा, आधी नळदुर्गचा किल्ला, दगड तापायच्या आत. तिथला पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. नर-मादी धबधबे पाणी बंधाऱ्यावरून वाहिलं तरच दिसतात, मे महिन्यात जाऊन "कुठंय धबधबा?" विचारू नका. तुळजापुरात मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला गर्दीत तास-दोन तास सहज जातात. कोजागरीला तर सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्यांसाठी गाड्यांना बंद ठेवतात. तेरला दुपारी पोचा, अडीच तास हाताशी ठेवून. गोरोबाकाकांचं मंदिर संग्रहालय बघून झाल्यावर; उलट केलंत तर संग्रहालयाच्या दाराला कुलूप.

चिडून लिहिलं खरं. पण त्याला तरी कोणी दाखवलंय? शाळेच्या सहलीत रांगेत "चला, पुढे सरका" ऐकतच आपण सगळे संग्रहालय बघायला शिकलो.

येत्या रविवारी गाडीत एक जागा आहे रे. तीच खापरं परत बघू, या वेळी बाजूने.