पेटर ड्राइझाइटलने मॅच घालवली नव्हती

आज पुन्हा तीच क्लिप फिरतेय. १८ फेब्रुवारी १९९२, मेरिबेल, ऑलिंपिक आइस हॉकीची उपांत्यपूर्व फेरी, जर्मनी विरुद्ध कॅनडा. जर्मनीच्या पेटरने मारलेला पक, म्हणजे रबरी चकती, कॅनडाचा गोलकीपर शॉन बर्कच्या पॅडमधून निसटतो, धारेवर उभा राहून घरंगळतो आणि गोलरेषेवर येऊन आडवा पडतो. वर मथळा, ‘लिऑनच्या बापाने मॅच घालवली’. लिऑन म्हणजे पेटरचा मुलगा, आजचा हॉकीतला तारा. खाली हसरे चेहरे. डोकं फिरतं हे बघून!

घालवली म्हणजे काय? स्कोअर तरी बघा आधी. मॅच ३-३, जादा वेळेत गोल नाही. शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरसमोर फटका मारायचा तिथे, पाच-पाच फटके झाले तरी बरोबरीच. मग एकास एक, दोन्हीकडून एकेक फटका, जोडीत जो पुढे तो जिंकला. कॅनडाच्या एरिक लिंड्रॉसने जर्मनीचा गोलकीपर हेल्मुट डे राफला चकवून गोल केला, त्यानंतर पेटर आला. त्याचा पक आत गेला असता तर फक्त बरोबरी झाली असती आणि पुढची जोडी आली असती. जिंकायची संधी हातात नव्हतीच, मग घालवली कुठून? पण क्लिप नेमकी लिंड्रॉसच्या गोलनंतर सुरू होते.

आणि फटका वाईट होता म्हणणाऱ्यांनी तो नीट बघावा. गोलकीपरला हरवलं होतं की त्याने! पक बर्कच्या मागे गेला होता. पॅडला घासताना वेग मेला, एवढंच. पक सपाट घसरत राहिला तर बर्फावर खूप लांब जातो, पण धारेवर आला की चाकासारखा फिरतो, डुगडुगतो आणि पडला की तिथेच बसतो. कॅरमची सोंगटी भोकाच्या काठावर येऊन थांबते ना, तसं.

आता मापं घ्या. पकचा व्यास ७.६२ सेंटीमीटर, गोलरेषेची रुंदी सुमारे ५. म्हणजे पक रेषेच्या बरोबर मध्यावर पडला तर दोन्हीकडून सव्वा-सव्वा सेंटीमीटर बाहेर डोकावतो. पण पूर्ण पक रेषेपलीकडे गेल्याशिवाय गोल नाही. क्रिकेटमध्ये बॅट रेषेवर असली तर रनआउटला उपयोग नाही, तसाच हा नियम. मध्यावरून आणखी सहा-साडेसहा सेंटीमीटर सरकायला हवा. चार बोटं!

चालू खेळात असा पक मिळाला तर कुणीही काठीने नुसता टोचून आत ढकलतो. शूटआउटमध्ये गोलकीपरला लागून आलेल्या पकला पुन्हा हात लावता येत नाही. पेटर तिथेच होता, हातात काठी होती, आणि नियमाने त्याला फक्त बघत राहायचं होतं. हे ज्याला हसू येण्यासारखं वाटतं त्याच्याशी मी काय बोलणार?

हो, कॅनडाकडे तेव्हा एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, चालू तारे नव्हते, हे मान्य. लिंड्रॉससुद्धा अजून एकोणीसचा व्हायचा होता. पण त्याच संघाने पुढे रौप्य नेलं, कॅनडाला १९६८ नंतर हॉकीत मिळालेलं पहिलं ऑलिंपिक पदक. आणि समोर होता एकत्र झालेल्या जर्मनीचा पहिलाच ऑलिंपिक संघ. त्यांनी कॅनडाला तिथवर खेचलं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

पेटरचा जन्म चेकोस्लोव्हाकियातल्या कार्विनाचा, १९६५चा. कारकीर्द जर्मनीत झाली, आधी मॅनहाइम, मग कोलोन. सेंटर म्हणून खेळायचा, म्हणजे फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झटापट) घ्यायचा, दोन्ही टोकांना धावायचा, पक वाटायचा. १९८८, १९९२ आणि १९९८ अशी तीन ऑलिंपिक. दहा वर्षांच्या अंतराने दोन ऑलिंपिकला निवड होणं म्हणजे पाय, कंबर आणि डोकं तिन्ही शाबूत ठेवणं. निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाला, कोलोनच्याच बाकावरही बसला. लिऑनने २०२०मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, असा पहिला जर्मन. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आनंदच आहे. पण म्हणून बाप म्हणजे फक्त चार बोटं उरतो का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ज्यांनी क्लिप टाकली त्यांनी ती बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल. तर एवढं करा, लिंड्रॉसच्या गोलपासून लावा. आणि त्यासोबत १९९५चा एखादा फोटोही टाका. जर्मनीच्या नव्या लीगचा पहिलाच हंगाम, विजेते कोलोन, आणि त्या संघात मेरिबेलला रेषेवर बघत उभा राहिलेला तोच पेटर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच शहरात, लिऑन जन्मला.