व्यवहार माझाच होता, वसुली मात्र चुकीची

डेबिट कार्डावरून चुकीची रक्कम कापली गेली, की बहुतेक जण घाईघाईने कार्ड बंद करतात आणि बँकेच्या ॲपमध्ये 'फसवणूक' हा पर्याय निवडून मोकळे होतात. मध्यंतरी मीही तेच करणार होते. एका दुकानातील यंत्राने 'व्यवहार अयशस्वी' असे दाखवले, विक्रेत्याने कार्ड पुन्हा लावायला सांगितले, मी पुन्हा पिन टाकला आणि घरी येऊन पाहते तर तीच रक्कम खात्यातून दोनदा गेलेली. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत निदान बिल भरण्याआधी तक्रार करता येते. डेबिट कार्डात आधी आपले पैसे जातात आणि मग वाद सुरू होतो, त्यामुळे जीव घाबरा होणे साहजिक आहे. तरीही अशा वेळी 'फसवणूक' म्हणणे ही आपणच आपल्या तक्रारीची केलेली हानी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

फसवणुकीची तक्रार करणे म्हणजे 'हा व्यवहार मी केला नाही आणि कोणाला करूही दिला नाही' असे लेखी सांगणे. माझ्या बाबतीत ते धडधडीत खोटे ठरले असते, कारण दोन्ही वेळा कार्डाची चिप वाचली गेली होती आणि पिन मीच टाकला होता. दुकानदाराच्या बँकेने तेवढी नोंद पुढे केली असती तर माझी तक्रार फेटाळली गेली असती आणि एकाच खरेदीचे पैसे दोनदा का घेतले, हा खरा प्रश्न कोणी तपासलाच नसता. कार्डाचे व्यवहार ज्या जाळ्यातून होतात त्या 'व्हिसा' कंपनीच्या नियमांत अशा वादांचे चार गट आहेत: फसवणूक, मंजुरीतील दोष, प्रक्रियेतील चूक आणि ग्राहकाची तक्रार. दुबार वसुली किंवा चुकीचा आकडा तिसऱ्या गटात मोडतो. न मिळालेला माल, न आलेला परतावा किंवा रद्द करूनही कापली जाणारी वर्गणी चौथ्या गटात. प्रत्येक गटाला पुरावा वेगळा लागतो, म्हणून गट चुकला की खरी तक्रारही लंगडी पडते. (व्यवहार खरोखरच अनोळखी असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता कार्ड बंद करावे. फक्त त्याआधी स्टेटमेंटवरचे नाव नीट वाचावे, कारण तिथे पुष्कळदा दुकानाच्या पाटीवरचे नाव नसून मालक कंपनीचे नोंदणीकृत नाव असते.)

दुसरा गोंधळ 'पेंडिंग' नोंदीचा. मंजुरी मिळताच बँक ती रक्कम आपल्या खात्यात रोखून ठेवते, पण प्रत्यक्ष वसुली दुकानदाराच्या बाजूने नंतर मागणी आल्यावरच होते. मागणी आलीच नाही, तर रोखलेली रक्कम काही दिवसांनी आपोआप मोकळी होते. हॉटेले आणि पेट्रोलपंप तर अंदाजाने जास्त रक्कम रोखतात आणि खरा आकडा मागाहून पाठवतात. म्हणूनच पेंडिंग नोंदीवर बँक सहसा तक्रार घेत नाही. मात्र 'येतील परत' हे उत्तर देणाऱ्यासाठीच सोपे असते. त्या मधल्या दिवसांत एखादा हप्ता परत गेला तर त्याचा दंड आपल्यालाच बसतो.

माझ्या दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या, तेव्हा मी आधी दुकानदाराला गाठले. अयशस्वी व्यवहाराची चिठ्ठी मी फेकली नव्हती, हे नशीब. त्याने हिशेब पाहून परतावा देण्याचे कबूल केले, तरी मी बँकेकडेही लेखी तक्रार दिली आणि तीत दोन्ही व्यवहारांचे 12 अंकी संदर्भ क्रमांक देऊन 'खरेदी एक, वसुली दोन' एवढेच लिहिले. दुबार वसुलीसाठी व्हिसाची मुदत 120 दिवसांची आहे, पण ती बँकांमधील आपसातली मुदत; ग्राहकाने तक्रार कधीपर्यंत द्यायची याची बँकेची किंवा कायद्याची मुदत त्याहून बरीच कमी असू शकते. बँकेने काही दिवसांत रक्कम तात्पुरती जमा केली. चौकशी विरुद्ध गेली तर अशी जमा परत काढून घेतली जाते, म्हणून मी तिला हात लावला नाही. पुढे दुकानदाराचा परतावाही आला आणि तो बँकेला मीच कळवला. नाहीतर तेच पैसे मला दोनदा मिळाले असते.

माझ्या बँकेच्या ॲपमध्ये 'फसवणूक' हे लाल अक्षरांत सर्वांत वर आहे आणि 'दुबार वसुली' हा पर्याय 'इतर' उघडल्यावर तळाशी सापडतो. 'हा व्यवहार तुम्ही स्वतः केला होता का?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे मी बँकेला लिहून कळवले आहे. आभाराचे छापील उत्तर आले. यादी अजून तशीच आहे.