महिना दीड हजार, आठवड्याला सहाशे

आप्पांचा, म्हणजे केजच्या माझ्या चुलत्यांचा, पुन्हा व्हॉइस मेसेज. ‘लाडक्या बहिणींना महिना दीड हजार फुकट. सोयाबीन काढायला बाई मिळंना. सरकार बुडालं. तुमच्या अमेरिकेत चालतील का असले लाड?’

चालतात की आप्पा. मार्च २०२०च्या शेवटच्या एका आठवड्यात इथं बेकारी भत्त्यासाठी साठ लाखांहून जास्त अर्ज आले. नेहमीच्या भत्त्यावर केंद्रानं जुलैअखेरपर्यंत आठवड्याला सहाशे डॉलर घातले. राज्यांचे निधी आटले, कर्जं काढावी लागली. एकट्या कॅलिफोर्नियाचं वीस अब्ज डॉलरच्या घरात गेलं, ते फेडायला मालकांचा कर वाढला. आमच्या न्यू जर्सीची यंत्रणा तर कोबोल या जुन्यापुराण्या संगणकी भाषेवरची. गव्हर्नर मर्फी कोबोल येणारी माणसं मागत होते. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्या त्या कोबोलवर उभ्या राहिल्यात, पण ते असो. ‘आता कोण कामाला येतंय’ म्हणणारे आप्पा इथंही निघालेच.

तिकडं २०२०च्याच मेमध्ये आपल्या राज्यानं विकासखर्च तेहतीस टक्क्यांवर आणला. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर रुळांवरून गावाकडं निघाले, करमाडच्या अलीकडं दमून तिथंच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांना भरायला कुठला फॉर्मच नव्हता.

आणि आप्पा, रोजगार हमी कुणाची? आपलीच. तिच्यासाठीच १९७५ साली व्यवसाय कर आला. मास्तरकीच्या पगारातून तुमचा आयुष्यभर कापला गेला, त्याचा राग असेल तर समजू शकतो. पण बहात्तरला आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, शिजत होती. ती मिलो अमेरिकेचीच होती. तुम्हीही खाल्लीत.

माझ्याही पगारातून दर पंधरवड्याला बेकारी विमा कापतात. जून २०२०त नोकरी गेली तेव्हा कळलं, एच-वन-बी व्हिसावाल्यानं भरायचं, मागायचं नाही. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर चंबूगबाळं. शेजारचा भत्त्यावर अंगणात ग्रिल लावून बसायचा, त्याचा मला राग यायचा. तुमच्यासारखाच. तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, ‘काम कसं चाललंय?’ मी म्हणालो, ‘घरूनच चालूय.’ त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी लागली.

तीन वेळा उत्तर रेकॉर्ड केलंय. मिलोपर्यंत आवाज चांगला चढतो. त्या जूनपाशी आलो की पुसून टाकतो.