वृद्धाश्रम काढताय? मग आधी सिस्टरचा खर्च कापा

रिटायर झालात, गावाबाहेर चार गुंठे पडून आहेत आणि ओळखीतल्या निम्म्या घरांतली पोरं परदेशात, म्हणजे तुम्ही वृद्धाश्रम काढणार हे ठरलेलंच. काढा की. दारात कमान, मागे बाग, नावात 'सावली' नाहीतर 'आनंद', एवढं झालं की बुकिंग सुरू.

आता खर्चाचं बघू. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली सिस्टर चोवीस तास एक जरी हजर ठेवायची म्हटली तरी तीन शिफ्टच्या तीन आणि सुट्टीला चौथी, एवढे पगार कोण देणार? आणि कायद्याला घाबरू नका हो. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात जिल्ह्याजिल्ह्यात किमान 150 निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम वगैरे लिहिलंय, पण किती म्हाताऱ्यांमागे किती सिस्टर हा आकडा शोधून सापडणार नाही. 2019 ला दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, नोंदणी, किमान दर्जा असलं सगळं होतं त्यात, पण ते पास झालंच नाही. अमेरिकेने 2024 ला म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमसाठी नियम केला की दर माणशी दिवसाला 3.48 तास नर्सिंग द्यायचंच, तर 2025 मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो उडवला. मग आपणच कशाला शहाणपणा करायचा?

तेव्हा दिवसा एक सिस्टर. बीपी, इन्सुलिन, गोळ्या, बेडसोरचं ड्रेसिंग, नळीचं फीड, फायली आणि नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल सगळं तीच बघेल. रात्री ब्युरोची मावशी, तिला पांढरा ड्रेस घाला, कोणाला काय कळतंय.

लोक विचारतील, आजी-आजोबांच्या सोशल लाइफचं काय? अहो तो प्रश्न आपोआप सुटतो. समजा 3 नंबरच्या आणि 9 नंबरच्या आजी, दोघींना रमीचं वेड, पण एकीला पॅरालिसिस आणि दुसरीचा खुबा मोडलेला. पॅरालिसिसवाल्या आजींना नुसतं 9 नंबरपर्यंत न्यायचं तर डायपर बदला, कॅथेटरची पिशवी रिकामी करून खुर्चीला अडकवा, दोघांनी धरून व्हीलचेअरवर घ्या, ब्रेक लागलाय ना बघा, पाय फूटरेस्टवर, शाल, चष्मा, कानाचं मशीन (त्याचा सेल संपलेलाच असतो), मग ढकलत न्या आणि तासाभराने हाच सगळा खेळ उलटा. तेवढ्यात सिस्टरच्या अख्ख्या मजल्याच्या गोळ्या वाटून होतात. त्यापेक्षा दोघींच्या खोलीत टीव्ही लावा. एकच सिरीयल बघतायत म्हणजे एकत्रच बघतायत की! सिस्टरला हे दिसत नाही असं नाही, तिला वाईटही वाटतं, पण वाईट वाटून घ्यायला शिफ्टमध्ये वेळ नसतो.

वेळापत्रक मावशीच्या सोयीचं. पहाटे चारला आंघोळी, कारण तिची ड्युटी सहाला संपते, संध्याकाळी सहाला खिचडी, साडेसातला लाइट बंद. घरच्यांना सांगायचं, 'आजोबांना इथे झोप छान लागते.'

आणि मावश्या बदलत्या ठेवा. एकच मावशी वर्षभर टिकली की तिला कळतं की हे आजोबा मास्तर होते आणि त्या आजींना केस विंचरताना माहेरचं बोलायला आवडतं, मग ती रेंगाळते, पाच पाच मिनिटं गप्पा मारते. ती पाच मिनिटं तुमच्या खिशातून जातात. जे चालते-फिरते आहेत आणि उगाच दुसऱ्याच्या खोलीत जाऊन बसतात त्यांना 'पडाल हं' एवढंच म्हणत राहायचं, आठवड्याभरात बसतात गप.

रविवारी मात्र हात आखडू नका. कोणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस असतो, मंडळी केक घेऊन येतात, डायबेटिसवाल्यांनाही भरवतात. त्या दिवशी ब्युरोतून चार मावश्या जास्तीच्या मागवा, सगळ्यांना हॉलमध्ये आणून ओळीत बसवा, टोप्या घाला, भरपूर फोटो काढा, वर्षभर पुरतील. आणि फीमध्ये 'ॲक्टिव्हिटी चार्जेस' वेगळे लावायला विसरू नका, जीएसटीचं तेवढं सीएला विचारून घ्या.