उणे चाळीस

गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो एका गुरुवारी, मे महिन्यात, भर दुपारी. त्यावरचं चित्र इंजिनाचं असतं म्हणे. मला ते तोटी बसवलेल्या प्रेशर कुकरसारखं दिसतं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, तो बंब कसला पेटलाय?" तेव्हापासून आमच्या घरात त्या दिव्याला बंबच म्हणतात.

बंब पेटला तरी गाडी चालत होती, आणि पंचाईत तीच होती. बंद पडली असती तर ढकलली असती, टोचन करून नेली असती. इथे मात्र घरातल्या कुणीतरी तोंड फुगवून बसावं, "काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणावं, असा प्रकार. शिवाय चावी फिरवली रे फिरवली की बॉनेटखालचा फॅन पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा आणि गाडी बंद करेपर्यंत थांबायचा नाही. त्याचा आणि बंबाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, उन्हाळा आहे, फिरत असेल बिचारा.

सल्ले फुकट मिळाले. पंपावरचा मुलगा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असेल, पण आमच्याकडचं नाही. शेजारचे काका महावितरणमधून निवृत्त झालेत. त्यांच्या मते बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवायची, मग गाडी विसरते. "आमच्या खात्यात हेच करायचो," असंही म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांच्या एका कोड्याचा उलगडा झाला. वर्कशॉपला फोन लावला तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "स्कॅनिंगचे नऊशे सर, अधिक जीएसटी. मग काय निघतंय ते बघू." हे 'काय निघतंय ते बघू' मी पूर्वी दाताच्या डॉक्टरांकडे ऐकलं होतं. तिथे रूट कॅनॉल निघालं होतं.

भाच्याने फोनवरच मला वेड्यात काढलं. "मामा, नऊशे कशाला देतोस? साडेपाचशेत डबी येते. गाडीला खोचायची, मोबाईलवर ॲप टाकायचं, इंजिनातलं सगळं दिसतं."

डबी आली. काडेपेटीएवढी, निळी, आरपार दिसणारी. वर ठळक अक्षरांत 'ईएलएम ३२७, आवृत्ती १.५'. गंमत म्हणजे ही मूळ चिप काढणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणजे माझ्या हातात होती ती मुळातच नसलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल.

आता ती खोचायची कुठे? स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेने १९९६ पासून ते नव्या गाड्यांना सक्तीचं केलं आणि आपल्याकडे ओबीडी २, म्हणजे गाडीने आपले बिघाड आपणच ओळखून नोंदवायची पद्धत, आलं २०१३ च्या एप्रिलपासून. माझी गाडी २०१४ ची, त्यामुळे सॉकेट असणार हे नक्की होतं. फक्त ते पाहण्यासाठी डोकं ब्रेकपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर, असं आसन घालावं लागतं. रामदेवबाबांनाही एवढ्यात जमायचं नाही. मी त्या अवस्थेत दहा मिनिटं होतो. मग माझ्या बुटांशी कुणीतरी हळूच बोललं, "साहेब, पाणी आणू का? मॅडमला बोलवू?" वॉचमन होता. मी ब्रेकखालून "काही नाही, सॉकेट शोधतोय," असं सांगितल्यावर त्याला जास्तच काळजी वाटली.

मोबाईलवर ब्लूटूथ लावलं तर आधी सोसायटीचा संसार उघडा पडला. तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही, 'पप्पांचा स्पीकर', कुणाचं तरी घड्याळ, आणि सगळ्यात खाली माझी डबी. पासवर्ड: १२३४. बँकेच्या ॲपला माझ्याकडून एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवी कल्पना लागते. पाच लाखांच्या गाडीच्या मेंदूत शिरायला १२३४ पुरतं. नाहीच चाललं तर ००००.

ॲप पंधरा मिनिटं 'जोडणी करत आहे' म्हणून गोल फिरत राहिलं. मग लक्षात आलं, चावी लावलेलीच नाही.

चावी फिरवली आणि स्क्रीनवर विमानाच्या कॉकपिटसारख्या तबकड्या उमटल्या. बाजूला लाल अक्षरात निदान: पी ०११८. पुढे इंग्रजीत एक लांबलचक ओळ, तिच्यातले दोनच शब्द मला नीट दिसले: 'टेम्परेचर' आणि 'हाय'. माझ्या पोटात गोळा आला. इंजिन तापलं! हेड गेलं, गॅस्केट गेलं, दिवाळीचा बोनस गेला. मग खालच्या तबकडीकडे नजर गेली. कूलंटचं तापमान: उणे चाळीस अंश सेल्सिअस.

मी सिंहगड रस्त्यावर होतो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर नुसते हिमकण दिसले तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आणि इथे माझ्या बॉनेटखाली सैबेरिया होता आणि त्याची बातमी फक्त मला होती.

एकक चुकलं असेल, असं वाटून मी सेटिंगमध्ये जाऊन सेल्सिअसचं फॅरनहाइट केलं. उणे चाळीस. पुन्हा सेल्सिअस. उणे चाळीस. ॲप अडकलं म्हणून ते काढून टाकलं, नव्याने घातलं. उणे चाळीस. या दोन्ही पट्ट्या संबंध विश्वात ज्या एका आकड्यावर गळाभेट घेतात, तो हा आकडा. नववीत सरांनी सांगितलं होतं. नववीतलं काही आयुष्यात उपयोगी पडत नाही म्हणतात, ते तसं खरंच आहे. आठवलं असतं तरी मी काय करणार होतो?

भाच्याला स्क्रीनचा फोटो पाठवला. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याने उत्तर द्यायच्या आधी मला माझ्या अज्ञानाची नीट जाणीव करून दिली. 'हाय' आहे ते तापमान नाही, व्होल्टेज. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक रोध. थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो, आणि गाडीतल्या संगणकाकडे पोचणारं व्होल्टेज पाच व्होल्टांकडे चढतं. सर्किट कुठे उघडं पडलं तर रोध अनंत, म्हणून संगणकाला वाटतं, अनंत थंडी पडली. आणि उणे चाळीसच का? तर तापमान एका बाइटमध्ये येतं, ० ते २५५. त्यातून चाळीस वजा करायचे असा नियम आहे. शून्य वजा चाळीस. "म्हणजे मामा, सेन्सर गप्प बसलाय. आणि खरं तापमान कळत नाही म्हणून संगणक भीतीने फॅन सारखा चालू ठेवतोय." गिरणीचा उलगडा झाला. मी इतकंच ऐकलं की सेन्सर गेलाय.

सेन्सर सातशेला मिळाला. बदलायचं काम मी आणि शेजारचे काका, दोघांनी अंगावर घेतलं. काकांच्या मते हे काम मीटर बदलण्याइतकं सोपं होतं. कूलंट हिरवं असतं हे मला माहीत होतं. ते शर्टावरून जात नाही, हे त्या दिवशी कळलं. दीड तासाने नवा सेन्सर बसला, रेडिएटर भरला, चावी फिरवली, काका ओणवे होऊन मोबाईलमध्ये बघू लागले.

"किती?"

"उणे चाळीस."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बॅटरीची वायर काढून बघायची का दहा मिनिटं?"

सोमवारी गाडी मिस्त्रींकडे नेली. हे मी गुरुवारीच करू शकलो असतो, असं ही म्हणाली. पण गुरुवारी माझ्याकडे डबी यायची होती. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक वडाचं झाड आणि चहाचे ग्लास. मी मोबाईल पुढे केला. पी ०११८, सर्किट, बाइट, अनंत रोध, सगळं भाच्याच्या थाटात सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, हात पुसले, बॉनेट उघडलं आणि सेन्सरच्या मागे दोन बोटं घातली.

"कोड बरोबर आहे साहेब. तुमचं मशीन चांगलं आहे." बोटांत वायरचं टोक होतं, कुरतडलेलं. "पण सेन्सरला काय धाड भरलीय? त्याला वायरच नाय ना. उंदरानं खाल्ली."

मग त्यांनी बॅटरीमागून हळूहळू एक संसार बाहेर काढला. चिंध्या, शेंगांची टरफलं, वर्तमानपत्राचे अगदी सारख्या आकाराचे कपटे, आणि आईच्या गोमुखीचा लाल गोंडा. तो गोंडा गाडीत पडला म्हणून आई पंधरा दिवस माझ्या मागे होती आणि मी "गाडीत नाही, दोनदा बघितलं," असं दरडावून सांगत होतो. ॲपमध्ये शंभर तबकड्या होत्या. गोंड्याची नव्हती.

वायर जोडली, टेप गुंडाळली, दीडशे रुपये. मिस्त्रींनी बॉनेटखाली दोन कोपऱ्यांत तंबाखूच्या पानांची पुडी बांधली. वासाने उंदीर येत नाही म्हणे. "दिवा तेवढा तुम्ही घालवा," म्हणाले, "तुमच्याकडं मशीन आहे." मी खुर्चीत ताठ बसून 'एरर पुसा' वर बोट ठेवलं. बंब विझला. गॅरेजमधलं पोरगं टाळ्या वाजवेल असं मला उगाचच वाटलं होतं.

इथे माणसाने डबी काढून ड्रॉवरमध्ये टाकावी की नाही? मी नाही टाकली. पुढच्याच रविवारी साताऱ्याला लग्न होतं. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही. थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल, मधलं कळायची गरज नाही असं बनवणाऱ्यांनी ठरवलेलं. दहा वर्षं मलाही ती वाटली नव्हती. आता खंबाटकी चढताना मी मोबाईल हिच्या हातात दिला.

"नव्वद," ही म्हणाली. "एक्क्याण्णव. त्र्याण्णव."

मी एसी बंद केला. मागून आईने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

"पंच्याण्णव."

सचिन नव्वदीत असला की घरात जी शांतता पसरायची, ती गाडीत पसरली. कुणी जागचं हलेना. पूर्वी याच घाटात फियाट, ॲम्बॅसॅडर तोंड उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या आणि माणसं ओली फडकी घेऊन त्यांची सेवा करायची, ते सगळं मला एकदम आठवलं. "सत्त्याण्णव," ही कुजबुजली, आणि बॉनेटखाली फॅन सुरू झाला. शहाण्णव. चौऱ्याण्णव. एकूण प्रकार इतकाच होता की इंजिन रोज करतं तेच करत होतं. मधल्या काळात मी मात्र गाडी कडेला घेतली होती, आणि मुहूर्त टळला तो टळलाच.

परतीच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सरने जीव घेतला. त्याचं व्होल्टेज ०.१ वरून ०.९ वर, परत ०.१ वर, क्षणभर स्थिर नाही. आयसीयूतल्या मॉनिटरसारखा आलेख. भाचा म्हणाला, "मामा, तो तसाच हलायला पाहिजे. थांबला की घाबर." त्यानंतर तो थांबेल म्हणून मी सगळी वाट घाबरलो.

शिवाय एसी लावला की गाडीभर तंबाखूचा दरवळ सुटायचा. आईने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मला एकट्याला गाठून विचारलं, "कधीपासून खातोस?" मी मोबाईल काढून उंदीर, पी ०११८ आणि मिस्त्री हे सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. "तुझे आजोबाही असंच काहीतरी सांगायचे," म्हणाली.

काल संध्याकाळी ऑफिसमधून निघताना बंब पुन्हा पेटला. गिरणीही सुरू. मी ॲप उघडलं, चष्मा पुसला, तबकडी पाहिली. मग मोबाईल खिशात टाकला आणि वाटेत दोन ठिकाणी थांबलो. हार्डवेअरच्या दुकानातून पिंजरा घेतला, कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम बटाटावडा.

घरी हिने पिशवीत डोकावून पाहिलं. "एकच?"